कच्च्या फाईलपासून स्टॅक्ड हिस्टोग्राम: पेंग्विन डेटाच्या नोंदी

१२ जून

डेटा ठरला, पामर पेंग्विन. अंटार्क्टिकातल्या पामर द्वीपसमूहातली तीन बेटं, २००७ ते २००९ मधली मोजमापं, एकूण ३४४ पक्षी. मोजमापं क्रिस्टन गोरमन आणि पामर स्टेशनच्या संशोधन प्रकल्पाची, आणि २०२० पासून हा डेटा आर भाषेच्या पॅकेजमधून कुणालाही वापरता येतो, परवानगीची भानगड नाही. हाच घ्यायचं कारण म्हणजे यात तीन जाती आहेत आणि तिन्हींची संख्या वेगवेगळी आहे: ॲडेली १५२, जेंटू १२४, चिनस्ट्रॅप ६८. शिवाय काही जागी माप नाहीच, आणि साफ केलेल्या फाईलसोबत मूळ कच्ची फाईलपण मिळते, १७ कॉलमची. मी कच्चीच घेतली. साफ फाईलवर चित्र काढायला एक ओळ पुरते, पण रोजच्या कामात हातात येतो तो कच्चाच माल, म्हणून सगळी वाट तिथूनच चालून बघायचीय.

हवंय काय ते आत्ताच लिहून ठेवतो म्हणजे मध्येच फाटे फुटणार नाहीत. आडव्या अक्षावर फ्लिपरची, म्हणजे पेंग्विनच्या वल्ह्यासारख्या पंखाची, लांबी मिलिमीटरमध्ये, उभ्या अक्षावर पक्ष्यांची संख्या, आणि प्रत्येक खांबात तीन जातींचे तीन रंग एकावर एक, हाच स्टॅक्ड हिस्टोग्राम. लांबीचे सारख्या रुंदीचे जे गट पाडायचे ते बिन, एका बिनचा एक खांब. आलेख काढणारं सॉफ्टवेअर ग्नूप्लॉट. ते १९८६ पासून आहे, स्क्रिप्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, डेटा बदलला तर तीच परत चालवायची की झालं.

१३ जून

ग्नूप्लॉटमध्ये हिस्टोग्राम नावाची जी स्टाईल आहे ती खरं तर मोजत नाही. तिला आधीच मोजलेले आकडे लागतात, म्हणजे एका ओळीत एक बिन आणि पुढे प्रत्येक जातीचा एक कॉलम असं टेबल, आणि मग रोस्टॅक्ड म्हटलं की एका ओळीतले आकडे एकावर एक चढतात (कॉलमस्टॅक्ड म्हटलं तर एका कॉलममधले चढतात, ते इथं कामाचं नाही). नव्याने शिकणारे इथंच अडकतात, कारण नाव हिस्टोग्राम आणि कच्ची फाईल दिली तर प्रत्येक पक्ष्याचा एक खांब, ३४४ खांबांचं जंगल.

मोजायचं काम दुसऱ्या दोन गोष्टी करतात. जुना मार्ग म्हणजे प्रत्येक मापाला त्याच्या बिनच्या कडेवर खाली आणायचं, बिनच्या रुंदीने भागून फ्लोअर (खालचा पूर्णांक) घेऊन परत रुंदीने गुणायचं, आणि स्मूद फ्रीक्वेन्सी लावायची, ती एकाच एक्सवरचे सगळे वाय बेरीज करून देते. नवा मार्ग म्हणजे ५.२ आवृत्तीपासून आलेला बिन्स हा पर्याय, त्याला रेंज आणि रुंदी दिली की तो आपोआप मोजतो. दोन्ही छान चालतात, पण दोन्ही एका प्लॉटपुरतं मोजतात आणि प्रत्येक प्लॉट शून्यापासूनच उभा राहतो. तीन जातींचे तीन प्लॉट दिले तर ते एकमेकांवर चढत नाहीत, एकमेकांच्या पुढे मागे उभे राहतात आणि मागचा झाकला जातो. दिसायला ते स्टॅकसारखंच दिसतं, म्हणून जास्त धोक्याचं.

यावर एक जुगाड आहे आणि तो बरोबर उत्तर देतो: आधी तिन्ही जातींची बेरीज एका रंगात काढायची, तिच्यावर दोन जातींची बेरीज दुसऱ्या रंगात, आणि शेवटी एका जातीचा खांब. प्रत्येक पुढचा प्लॉट मागच्याचा खालचा भाग झाकतो आणि वर उरतो तो बरोबर त्या जातीचा वाटा. टेबल लागत नाही, थेट कच्च्या फाईलवर चालतं. रंग मात्र पूर्ण ठोस पाहिजे, अर्धपारदर्शक केला तर मागचं डोकावतं आणि सगळं चित्र फसवं होतं. घाईच्या वेळी हे वापरेन. पण या प्रकल्पात टेबलच करणार, कारण टेबल डोळ्यांनी बघता येतं, बेरीज करून तपासता येतं, आणि चित्रात काही खटकलं तर दोष मोजण्यात आहे की काढण्यात हे लगेच कळतं.

१५ जून

आज दिवसभर फाईल नीट उलगडून बघितली. हे काम कंटाळवाणं वाटतं पण खरा ऐवज इथंच आहे.

पहिली गोष्ट स्वल्पविराम. फाईल सीएसव्ही आहे, म्हणजे कॉलम स्वल्पविरामाने वेगळे केलेली टेक्स्ट फाईल, आणि सहाव्या कॉलममध्ये, म्हणजे पक्षी कुठल्या टप्प्यावर आहे तिथं, प्रत्येक ओळीत "ॲडल्ट, १ एग स्टेज" असा मजकूर आहे, अवतरण चिन्हांच्या आत स्वल्पविरामासकट. ऑकला (टेक्स्ट फाईल ओळीओळीने वाचणारी छोटी भाषा) नुसतं स्वल्पविरामावर तोड असं सांगितलं की हा एक कॉलम दोन होतो आणि पुढचं सगळं एका घराने सरकतं. शीर्षकाच्या ओळीत मात्र तो स्वल्पविराम नाही, त्यामुळे शीर्षक बघून मोजलं तर फ्लिपर १२ वा कॉलम, आणि डेटाच्या ओळीत १२ व्या जागी येते चोचीची जाडी. आकडे मिळतात, चित्रपण येतं, एरर कुठंच नाही! १३ ते २१ च्या आसपासचे आकडे फ्लिपरच्या नावाने दिसले की हेच झालंय असं समजायचं, कारण फ्लिपर १७२ ते २३१ मिलिमीटर असतो. उपाय सोपा आहे, ऑकच्या २०२३ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये सीएसव्हीचा वेगळा पर्याय आहे, तो अवतरण चिन्हं समजून घेतो. जुना ऑक असेल तर पायथनचा सीएसव्ही मॉड्यूल.

दुसरी गोष्ट एनए, म्हणजे माप नाही अशी खूण. दोन पक्ष्यांचं मापच नाही, एक ॲडेली आणि एक जेंटू. ऑकमध्ये एनए या मजकुराशी गणित केलं तर तो मुकाट्याने शून्य धरतो, म्हणजे शून्य मिलिमीटर फ्लिपरचे दोन पेंग्विन तयार होतात आणि अक्ष शून्यापासून सुरू होऊन खरा डेटा उजव्या कोपऱ्यात दबून जातो. इथं निदान डोळ्याला दिसतं तरी. जिथं शून्य हे शक्य असलेलं माप आहे, पाऊस म्हणा किंवा प्रतीक्षेचा वेळ म्हणा, तिथं हे कधीच दिसणार नाही. म्हणून मोजण्याच्या आधीच एनएची ओळ बाजूला, आणि किती बाजूला काढल्या ते छापायचं.

आता हिशोब असा: ३४४ मधून २ गेले, उरले ३४२. ॲडेली १५१, जेंटू १२३, चिनस्ट्रॅप ६८. हे चार आकडे स्क्रिप्टच्या डोक्यावर कमेंटमध्ये लिहून ठेवलेत. इथून पुढं काहीही केलं तरी बेरीज ३४२ आलीच पाहिजे, नाहीतर थांबायचं.

१६ जून

बिनची रुंदी. नियम बघितले. स्टर्जेसचा १९२६ चा नियम बिनची संख्या देतो, ३४२ साठी साधारण १०, म्हणजे १७२ ते २३१ या ५९ मिलिमीटरच्या पट्ट्यात रुंदी ५.९. स्कॉटचा १९७९ चा नियम प्रमाण विचलनावर (मापं सरासरीभोवती किती पसरलीयत त्यावर) चालतो, इथं ७ च्या आसपास येतो. फ्रीडमन आणि डायकोनिस यांचा १९८१ चा नियम चतुर्थकांमधलं अंतर (मधल्या निम्म्या मापांचा पट्टा) घेतो, ते इथं १९० ते २१३ म्हणजे २३, त्याची दुप्पट भागिले ३४२ चं घनमूळ, उत्तर ६.६ च्या जवळ. पण डेटात दोन टेकड्या आहेत, ॲडेली-चिनस्ट्रॅप डावीकडे आणि जेंटू उजवीकडे, त्यामुळे विचलन काय आणि चतुर्थकांचं अंतर काय, दोन्ही ताणलेले आहेत आणि हे दोन नियम रुंदी जरा जास्तच सांगतात. नियम सुरुवातीपुरते घ्यावेत, हुकूम म्हणून नाही.

मी ५ घेतली. आणि इथं एक गोष्ट जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: फ्लिपर पूर्ण मिलिमीटरमध्ये मोजलाय. रुंदी अडीच घेतली तर १७० पासूनच्या पहिल्या बिनमध्ये १७०, १७१, १७२ असे तीन आकडे बसतात, पुढच्यात १७३, १७४ असे दोनच, परत तीन, परत दोन. मग खांब उंच-बुटका-उंच-बुटका असे येतात, कंगव्यासारखे, आणि बघणारा त्यात पेंग्विनांचं काहीतरी रहस्य शोधत बसतो, जेव्हा ते फक्त मोजपट्टीचं आणि बिनचं न जुळणं आहे. रुंदी नेहमी मोजमापाच्या सगळ्यात लहान टप्प्याच्या पूर्ण पटीत पाहिजे. ५ मध्ये प्रत्येक बिनला बरोबर पाच आकडे मिळतात.

कडासुद्धा १७० आणि १७५ अशा न ठेवता १६९.५, १७४.५ अशा ठेवल्या, शेवटची २३४.५, एकूण १३ बिन. कडेवर कुठलंच माप पडत नाही, त्यामुळे बरोबर १७५ असलेला पक्षी डावीकडचा की उजवीकडचा हा वादच मिटतो. दशांश असलेल्या मापांना याचा आणखी एक फायदा आहे, कॉम्प्युटरमध्ये ०.३ भागिले ०.१ चं उत्तर ३ येत नाही, २.९९९९ असं काहीतरी येतं, आणि त्याचा फ्लोअर २. कडेवरची मापं अशी गुपचूप एक बिन मागे जातात. अर्ध्या टप्प्याने सरकवलेल्या कडांना हे लागूच होत नाही.

बिनचा नंबर म्हणजे लांबीतून १६९.५ वजा, भागिले ५, आणि फ्लोअर. इंट नाही, फ्लोअरच लिहायचा. इंट शून्याकडे कापतो, म्हणून ऋण आकडे आले की शून्याच्या दोन्ही बाजूंचे बिन एकत्र होतात आणि मधोमध दुप्पट खांब उभा राहतो. फ्लिपरला ऋण लांबी नसते, पण स्क्रिप्ट उद्या तापमानावर चालवली जाईल.

आणि सगळ्या जातींना कडा एकच. हे लिहायला इतकं उघड वाटतं, पण मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढणारी लायब्ररी) तीन जातींना तीन वेगवेगळ्या वेळी हिस्ट म्हटलं आणि प्रत्येक वेळी १३ बिन मागितले, तर तो प्रत्येकीच्या स्वतःच्या किमान-कमालमध्ये १३ भाग पाडतो. ॲडेली १७२ ते २१०, म्हणजे रुंदी २.९, जेंटू २०३ ते २३१, रुंदी २.२. बिनची संख्या सारखी, रुंदी वेगळी, आणि असे खांब एकमेकांवर ठेवण्याला काही अर्थच राहत नाही. तिन्ही एकत्र यादी म्हणून दिले किंवा कडाच हातात दिल्या तर ठीक.

१९ जून

टेबल तयार. १३ ओळी, तीन कॉलम, बेरीज १५१, ६८, १२३. जुळलं.

यात शून्यं मुद्दाम लिहिलीयत. मोजणारी स्क्रिप्ट साधारणपणे जे सापडलं तेच छापते, २१५ च्या पुढे ॲडेली नाहीच तर ती जागा रिकामी सोडते, आणि एखादा बिन तिन्ही जातींसाठी रिकामा असेल तर ती ओळच गायब. रोस्टॅक्डला ओळीचा एक्स कळत नाही, तो पहिली ओळ ०, दुसरी १, तिसरी २ असंच मांडत जातो. ओळ गायब झाली की पुढचे सगळे खांब एक घर डावीकडे सरकतात, मधली दरी बुजते, आणि दरी हाच तर या चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. म्हणून आधी ० ते १२ सगळ्या ओळी शून्यांनी भरायच्या आणि मग मोजायला लागायचं.

याच कारणाने अक्षावरची लेबलंपण सांभाळावी लागतात. टेबलचा पहिला कॉलम एक्सटिक म्हणून दिला तर प्रत्येक खांबाखाली त्याचं नाव येतं, बाजारातल्या वस्तूंच्या यादीला ते ठीक, पण ही लांबी आहे, सलग अक्ष आहे. म्हणून खुणा हाताने ठेवल्या: मूल्यातून पहिली कड वजा, भागिले रुंदी, आणि त्यातून ०.५ वजा. १८० ची खूण १.६ वर येते, १९० ची ३.६ वर. आता अक्षावर १७०, १८०, १९० असे गोल आकडे खऱ्या जागेवर बसलेत. खांबांची रुंदी १ केली, मध्ये फट नाही. फट असली की बघणाऱ्याला वाटतं त्या दोन लांब्यांच्या मधे पक्षीच नाहीत.

२२ जून

खाली कोण बसणार?

आजचा सगळा वेळ यातच गेला आणि जायलाच हवा होता. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये लोकांना वेगवेगळे आलेख दाखवून तपासलं होतं की डोळा काय अचूक वाचतो, आणि एका समान रेषेवर उभ्या असलेल्या गोष्टींची तुलना माणूस सगळ्यात नीट करतो, नुसती लांबी तरंगत असली की कमी नीट. स्टॅक्ड हिस्टोग्राममध्ये समान रेषेवर उभी असते फक्त सगळ्यात खालची जात. आणि दुसरी नीट वाचता येणारी गोष्ट म्हणजे सगळ्यात वरची बाह्यरेषा, म्हणजे बेरीज. मधले सगळे दुसऱ्याच्या पाठीवर बसलेले, त्यांचा आकार खालच्याच्या आकाराने वाकडा होतो.

हे डोळ्यांनी बघायचं तर चिनस्ट्रॅप घ्या. त्यांचे ६८ पक्षी १७८ ते २१२ मध्ये आहेत, जवळजवळ पूर्ण ॲडेलींच्याच पट्ट्यात. ॲडेली खाली ठेवले की चिनस्ट्रॅपचा पट्टा त्यांच्या डोंगरावर अंथरलेल्या चादरीसारखा दिसतो, त्याची स्वतःची टेकडी कुठं आहे ते कळतच नाही. ॲडेलीची सरासरी १९० आणि चिनस्ट्रॅपची १९६ च्या आसपास, म्हणजे फरक आहे, पण त्या चित्रात तो शोधून सापडत नाही. क्रम उलटा केला, चिनस्ट्रॅप तळाशी, त्यावर ॲडेली, सगळ्यात वर जेंटू. आता लहान जात सरळ रेषेवर उभी आहे आणि तिचा आकार स्वच्छ दिसतो. जेंटू वर असले तरी त्यांचं नुकसान नाही, २१२ च्या पुढे त्यांच्याखाली कुणीच नाही, ते आपोआप जमिनीवर येतात. माझ्या मते हा क्रम या डेटासाठी बरोबर आहे. वर्णानुक्रम किंवा फाईलमधला क्रम जसाच्या तसा ठेवणं म्हणजे हा निर्णय नशिबावर सोडणं.

की म्हणजे रंगांची यादी, तिचा क्रम ग्नूप्लॉट वरून खाली लावतो आणि खांब खालून वर चढतात, त्यामुळे दोन्ही उलटे. सेट की इन्व्हर्ट, एवढंच. रंगांसाठी पोडो नावाचा रंगक्रम लावला, आठ रंगांचा, लाल-हिरवा वेगळे न दिसणाऱ्यांनाही वाचता येतो.

२३ जून

आज एक तपासणी केली, तिने मला फार समाधान दिलं.

तेच ३४२ पक्षी, त्याच कडा, पण रंग जातीऐवजी बेटानुसार. बिस्को १६७, ड्रीम १२४, टॉर्गरसन ५१. दोन चित्रं एकाखाली एक ठेवली. आतले रंग पूर्ण बदलले, बाहेरची रेषा एका केसाने हलली नाही. हलायलाच नको होती, कारण बेरीज तीच आहे, पण हे प्रत्यक्ष बघितलं की मोजणीवर विश्वास बसतो. बेटांच्या चित्रात आणखी एक दिसतं, बिस्कोचा रंग दोन्ही टेकड्यांत पसरलेला आहे, कारण तिथं ॲडेलीपण आहेत आणि सगळे जेंटूही तिथलेच.

मग लिंगानुसार रंगवलं आणि रेषा खाली आली! बेरीज ३३३. नऊ पक्ष्यांचं माप आहे पण लिंगाच्या जागी एनए, पाच ॲडेली आणि चार जेंटू. नर, मादी असे दोनच कॉलम केले तर हे नऊ कुठल्याच कॉलममध्ये जात नाहीत आणि गुपचूप गळतात. त्यांच्यासाठी "नोंद नाही" असा तिसरा कॉलम केला, करडा रंग, सगळ्यात वर. रेषा परत जागेवर आली. गटात न बसणाऱ्यांचा गट हा प्रत्येक स्टॅकमध्ये असलाच पाहिजे, तो शून्य निघाला तर उत्तमच. बाह्यरेषेची तुलना आता स्क्रिप्टमध्येच टाकलीय, प्रत्येक ओळीची बेरीज गटवारी बदलली तरी तीच येते का, नसेल तर चित्र काढायचंच नाही.

२७ जून

वजनाचं चित्र. २७०० ते ६३०० ग्रॅम, आणि मापं २५-२५ ग्रॅमच्या टप्प्यांनी. इथं कडांचा प्रश्न जोरात आला. आरचा साधा हिस्ट बिनची उजवी कड आत धरतो, नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) डावी (फक्त शेवटच्या बिनला दोन्ही). २०० च्या बिनमध्ये बरोबर ४००० ग्रॅमचे पक्षी आरमध्ये ३८०० ते ४००० मध्ये मोजले जातात आणि नमपायमध्ये ४००० ते ४२०० मध्ये, आणि कडेवर बसणारी मापं इथं भरपूर, म्हणून एकाच डेटाची दोन चित्रं वेगळी दिसतात आणि दोघंही बरोबर. अर्ध्या टप्प्याचा नियम लावला, पहिली कड २५८७.५, शेवटची ६३८७.५, १९ बिन. आता दोन्हीकडे एकच आकडे.

मॅटप्लॉटलिबशी टेबल पडताळताना एक ध्यानात ठेवायचं, स्टॅक्ड चालू असेल तर तो परत देतो ते आकडे चढत्या बेरजेचे असतात, दुसरी यादी म्हणजे पहिली अधिक दुसरी. जातीचा वाटा हवा तर वजाबाकी करावी लागते. शेवटच्या यादीची बेरीज मात्र थेट ३४२.

उभा अक्ष लॉग (१, १०, १०० अशा पटींनी वाढणारा) करून मागितला होता, नाही केला. लॉगवर खांबाच्या वरच्या भागाची उंची संख्येच्या प्रमाणात राहत नाही, तळाशी बसलेली जात कारण नसताना अवाढव्य दिसते. प्रत्येक जात स्वतःच्या बेरजेने भागून मग चढवणंपण नाही, तीन वेगवेगळ्या एककांची ती बेरीज होते. जातींचे आकार शेजारी ठेवून बघायचे असतील तर एकाखाली एक तीन छोटे हिस्टोग्राम, त्याच कडांवर, त्याच अक्षावर. ते वेगळ्या फाईलमध्ये काढून दिलेत.

चित्राखाली हे लिहिलं: पक्षी ३४२, माप नसलेले २ वगळले, बिन ५ मिलिमीटर, पहिली कड १६९.५, तळापासून चिनस्ट्रॅप ६८, ॲडेली १५१, जेंटू १२३. चोचीच्या लांबीचं चित्र पुढच्या आठवड्यात, ३२.१ ते ५९.६ मिलिमीटर, टप्पा ०.१ चा, म्हणून पहिली कड ३१.९५ आणि रुंदी २, एकूण १४ बिन. तिथं चिनस्ट्रॅप आणि जेंटू एकमेकांच्या अंगावर येतात आणि ॲडेली वेगळे पडतात, त्यामुळे तळाशी कोण हे परत नव्याने ठरवावं लागेल.